शरीराचे दोन कारभारी

बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा तालुक्यात दुसरबीड नावाचे गाव आहे. वैशाखातील भर दुपारी तेथील शिवारात ऊन अंगाला चटके देते आणि हवेचे तापमान चाळीस अंशांच्याही वर जाते. त्याच शिवारात पौषातील पहाटे गव्हाला पाणी देणारा शेतकरी थंडीने कुडकुडत असतो. बाहेरच्या हवेत एवढा मोठा फरक पडतो. परंतु त्या शेतकऱ्याच्या शरीरातील उष्णता मात्र दोन्ही वेळी सुमारे ३७ अंश सेल्सिअस एवढीच असते. केवळ उष्णताच नव्हे, तर रक्तातील पाणी, मीठ आणि साखर यांचे प्रमाणही ठरलेल्या मर्यादेतच राहते. हे आपोआप घडत नाही. त्यासाठी शरीरात रात्रंदिवस कारभार चाललेला असतो.

हा कारभार पाहणारे दोन कारभारी आहेत. पहिला कारभारी म्हणजे मज्जासंस्था आणि दुसरा म्हणजे अंतःस्रावी ग्रंथी. दोघांची काम करण्याची रीत वेगळी असली, तरी दोघांचा हेतू एकच असतो. तो म्हणजे शरीराचा तोल सांभाळणे.

प्रथम मज्जासंस्थेचा विचार करू. मेंदू, पाठीच्या कण्यातून जाणारा पृष्ठरज्जू आणि तेथून सर्व अंगभर पसरलेले मज्जातंतू मिळून ही संस्था बनते. चुलीवरच्या तापलेल्या तव्याला चुकून बोट लागले, तर हात क्षणार्धात मागे येतो. ‘भाजले’ ही जाणीव मेंदूला होण्यापूर्वीच हे घडते. बोटाचा निरोप मज्जातंतूंतून पृष्ठरज्जूपर्यंत जातो आणि हात मागे घेण्याची आज्ञा तेथूनच स्नायूंना मिळते. मेंदूला ही वार्ता मागाहून कळते. सर्वांत वेगवान मज्जातंतूंतून निरोप एका सेकंदात सुमारे शंभर मीटर अंतर कापू शकतो.

हा निरोप विजेच्या सूक्ष्म लाटेसारखा तंतूतून पुढे सरकतो. तंतूच्या टोकाशी पुढील पेशीच्या अलीकडे एक अतिशय बारीक फट असते. तेथे एक रासायनिक द्रव्य बाहेर पडते आणि फटीपलीकडच्या पेशीला निरोप देते. निरोप पोचला की तंतू लगेच शांत होतो व पुढील निरोपासाठी सिद्ध राहतो. ही शांतता निरोपाइतकीच महत्त्वाची आहे. ती नाहीशी झाली तर काय अनर्थ ओढवतो, ते पुढे दिसेलच.

चालणे, लिहिणे, बोलणे ही कामे आपल्या इच्छेने होतात. परंतु हृदयाचे ठोके, आतड्यांची हालचाल, घाम येणे ही कामे आपल्या इच्छेची वाट पाहत नाहीत. त्यांच्यासाठी मज्जातंतूंची स्वतंत्र व्यवस्था आहे. म्हणूनच आपण गाढ झोपलो, तरी हृदय आपले काम विसरत नाही.

आता दुसरा कारभारी. पूर्वी गावोगावी कोतवाल दवंडी पिटीत असे. दवंडी सर्वांच्याच कानांवर पडे. पण ‘ज्यांचा शेतसारा राहिला असेल, त्यांनी चावडीवर यावे,’ असे ऐकल्यावर ज्याचा सारा राहिला असेल तोच घराबाहेर पडे. अंतःस्रावी ग्रंथींचे काम असेच चालते. या ग्रंथी आपला स्राव नळीवाटे कोठे नेऊन सोडत नाहीत, तर थेट रक्तात मिसळतात. या स्रावातील द्रव्यांना संप्रेरके म्हणतात. रक्ताबरोबर संप्रेरक साऱ्या शरीरात फिरते. परंतु ज्या पेशींवर ते ओळखणारी ग्राहके असतात, त्याच पेशी त्याची आज्ञा पाळतात. कुलपाला जशी त्याचीच किल्ली लागते, तसाच हा प्रकार आहे.

शरीरात असा दुसरा कारभारी आहे, हे फार काळ कोणाला ठाऊक नव्हते. सारे निरोप मज्जातंतूंतूनच जातात, अशी समजूत होती. १९०२ मध्ये लंडन येथे बेलिस आणि स्टार्लिंग या दोन शास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. त्यांनी कुत्र्याच्या आतड्याच्या एका भागाकडे जाणारे मज्जातंतू तोडले आणि त्या भागात आम्ल सोडले. तरीही दूर असलेल्या स्वादुपिंडातून पाचकरस वाहू लागला! मज्जातंतू तुटलेले असतानाही स्वादुपिंडाला निरोप मिळाला होता. म्हणजे तो रक्तावाटे गेला होता, हे उघड झाले. आतड्यातून निघालेल्या त्या द्रव्याला त्यांनी ‘सिक्रीटिन’ हे नाव दिले. पुढे १९०५ मध्ये स्टार्लिंग यांनी अशा द्रव्यांसाठी ‘हॉर्मोन’ हा शब्द वापरला. त्यालाच मराठीत संप्रेरक म्हणतात.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पियूषिका ग्रंथी असते. ती शरीराची वाढ घडवणारे संप्रेरक देते आणि इतर अनेक ग्रंथींवर देखरेखही ठेवते. तिच्यावर मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागाची हुकमत चालते. अशा रीतीने दोन्ही कारभाऱ्यांची गाठ येथे पडते. गळ्याशी अवटू ग्रंथी असते. शरीराने अन्नाचा वापर किती वेगाने करावा, हे ती ठरवते. मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन अधिवृक्क ग्रंथी असतात. जठराच्या मागे स्वादुपिंड असते. संप्रेरके अत्यल्प प्रमाणात असतात. परंतु त्या अल्प प्रमाणातही कमीजास्त झाले, तर साऱ्या शरीराची घडी विस्कटते.

अवटू ग्रंथीचेच उदाहरण घेऊ. तिला आपले संप्रेरक तयार करण्यासाठी आयोडीन लागते. ते पुरेसे मिळाले नाही, तर ग्रंथी सुजून गळा मोठा दिसतो. यालाच गलगंड म्हणतात. गरोदर स्त्रीला आयोडीन कमी पडले, तर तिच्या बाळाच्या बुद्धीची वाढ खुंटू शकते. हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्यात गलगंडाचे रोगी पुष्कळ होते. १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांचे सहकारी यांनी तेथे एक प्रयोग केला. काही भागांत आयोडीनयुक्त मीठ दिले आणि एका भागात साधे मीठ दिले. काही वर्षांनी पाहिले, तेव्हा आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्यांत गलगंडाचे प्रमाण बरेच कमी झाले होते. मग साऱ्या खोऱ्यातच असे मीठ देण्यात आले. भारत सरकारने १९६२ मध्ये गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. आज घरोघरी वापरल्या जाणाऱ्या आयोडीनयुक्त मिठामागे हा इतिहास आहे.

शरीराचा तोल राखण्याची युक्ती गाडीवानाच्या कासऱ्यासारखी आहे. बैल एका बाजूला झुकले, की गाडीवान दुसऱ्या बाजूचा कासरा ओढतो. गाडी सरळ झाली, की तो हात सैल करतो. जेवणानंतर रक्तातील साखर वाढते. तेव्हा स्वादुपिंड इन्सुलिन सोडते आणि पेशी साखर आत घेऊ लागतात. उपवासात साखर उतरू लागली, की तेच स्वादुपिंड ग्लुकागॉन नावाचे दुसरे संप्रेरक सोडते आणि यकृत आपल्याजवळची साठवलेली साखर रक्तात देते. काही मुलांच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही. पूर्वी अशी मुले वाचत नसत. १९२१ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे काढण्यात यश मिळवले. १९२२ च्या जानेवारीत ते चौदा वर्षांच्या एका मुलाला टोचण्यात आले आणि या मुलांना जीवनाचा मार्ग मोकळा झाला.

दुसरबीडच्या रखरखत्या उन्हातही हाच कासरा ओढला जातो. रक्त तापू लागले, की हायपोथॅलॅमसला ते कळते. त्याच्या आज्ञेने कातडीतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि घाम सुटतो. घाम वाळताना अंगातील उष्णता घेऊन जातो. परंतु घामावाटे पाणी जाते, त्यामुळे रक्त घट्ट होऊ लागते. मग तहान लागते आणि त्याच वेळी पियूषिकेतून एक संप्रेरक निघते. ते मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवण्यास सांगते. म्हणून उन्हाळ्यात लघवी थोडी व पिवळी होते. मात्र या कारभाऱ्यांच्या शक्तीलाही सीमा आहे. पाणी न पिता उन्हात राबत राहिले, तर घामाची व्यवस्था अपुरी पडते, शरीर तापत जाते आणि उष्माघाताने जीवही जाऊ शकतो. तहान म्हणजे शरीराने दिलेला इशारा होय. त्याची हेळसांड करू नये.

संकटाच्या वेळी मात्र दोन्ही कारभारी एकदम धावून येतात. समजा, बाजाराच्या दिवशी एखादा बैल उधळला आणि अंगावर आला. तत्क्षणी मज्जातंतू हृदयाला वेग घेण्यास सांगतात. त्याच वेळी एक निरोप अधिवृक्क ग्रंथींना जातो आणि त्या ॲड्रिनलीन नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. ठोके वाढतात, कातडीतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, स्नायूंना जास्त रक्त मिळते आणि यकृत साखर पुरवते. एरवी संथ चालणारा माणूसही अशा वेळी कुंपणावरून उडी मारून जातो. संकट टळले, की थोड्या वेळात सारे पूर्ववत होते.

परंतु हे वादळ शमलेच नाही तर? तांबड्या विंचवाच्या दंशाने नेमके हेच घडते. काळी इंगळी दिसायला मोठी असते. पण तिच्याहून लहान असा तांबडा विंचू अधिक घातक असतो. त्याचे विष मज्जातंतूंना शांत होऊ देत नाही. ते एकसारखे निरोप पाठवत राहतात आणि ॲड्रिनलीन व त्याच्यासारखी द्रव्ये रक्तात भरून जातात. अंगाला दरदरून घाम फुटतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात. रक्तवाहिन्या आवळल्या गेल्याने रक्तदाब फार वाढतो, हृदय थकते, फुप्फुसांत पाणी साचते आणि रोगी गुदमरतो. म्हणजे जे संप्रेरक जीव वाचवण्यासाठी असते, तेच अमर्याद झाल्याने जीव घेते.

कोकणात या दंशाने अनेक माणसे, विशेषतः लहान मुले, दगावत असत. दुसरबीडच्या तालुक्याला लागून असलेल्या जालना जिल्ह्यातील देहेड या गावी जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रायगड जिल्ह्यातील बिरवाडी येथे सरकारी डॉक्टर म्हणून काम करताना हे दुःख जवळून पाहिले. ते रोग्यांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, श्वास यांची बारकाईने नोंद करीत. त्या नोंदींतून विषाची चाल त्यांच्या ध्यानात आली. रक्तवाहिन्या आवळणाऱ्या आज्ञेलाच अडवले, तर हृदयावरील भार हलका होईल, असा विचार करून त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबावरचे औषध वापरले. हे औषध पेशींवरील ग्राहकांची जागा अडवून बसते. कुलपात आधीच दुसरी वस्तू अडकली, की किल्ली चालत नाही, तसे. १९८६ मध्ये त्यांचा यासंबंधीचा लेख ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पूर्वी गंभीर दंश झालेल्या शंभर रोग्यांपैकी तीस ते चाळीस दगावत. या उपचाराने ती संख्या दोन-तीनांवर आली. पुढे प्राझोसिनच्या जोडीला विंचूदंशावरील लस दिल्याने रोगी अधिक लवकर बरे होतात, असेही दिसून आले. २०२२ मध्ये भारत सरकारने डॉ. बावस्कर यांना ‘पद्मश्री’ देऊन गौरवले.

विंचू चावल्यावर मंत्रतंत्रात वेळ दवडणे धोक्याचे आहे. रोग्याला धीर द्यावा आणि विनाविलंब जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. शेतात दगड किंवा काडीकचरा उचलताना आणि पायांत जोडा घालताना आधी नीट पाहून घ्यावे.

आपल्या शरीरातील हे दोन कारभारी मोबदला मागत नाहीत आणि विसावाही घेत नाहीत. पुरेशी झोप, सकस आहार, स्वच्छ पाणी आणि व्यायाम एवढीच त्यांची अपेक्षा असते. त्यांचे काम जाणून घेणारा मनुष्य स्वतःचे आरोग्य तर राखतोच. पण प्रसंगी दुसऱ्याचे प्राणही वाचवू शकतो.

स्वाध्याय

१. संप्रेरकाच्या कार्याला दवंडीची उपमा का दिली आहे?
२. बेलिस व स्टार्लिंग यांच्या प्रयोगावरून कोणती गोष्ट सिद्ध झाली?
३. रक्तातील साखरेचा तोल कसा राखला जातो, ते चार-पाच वाक्यांत लिहा.
४. कारणे द्या : (अ) उन्हाळ्यात लघवी थोडी होते. (आ) तांबड्या विंचवाच्या दंशाने हातपाय गार पडतात.
५. आपल्या गावाजवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र कोठे आहे व तेथे कसे जावे, याची माहिती मिळवून वहीत लिहा.