हस्तलिखितांतून फिरलेली कविता
इंग्लंडमधील कवी जॉन डन 1631 मध्ये निवर्तला आणि त्याचा कवितासंग्रह 1633 मध्ये छापला गेला. तोवर त्याच्या बहुतेक कविता रसिकांनी उतरवून घेतलेल्या वह्यांतूनच हातोहात फिरत होत्या. त्याच्या हस्ताक्षरातील एकच इंग्रजी कविता आज उपलब्ध असल्याने अभ्यासकांना नकलनवीसांच्या हजारो प्रतींवर विसंबावे लागते. या प्रती संगणकात जशाच्या तशा उतरवल्या की पाठभेद, म्हणजे शब्दांतील व विरामचिन्हांतील फरक, झटपट टिपता येतात आणि समान चुकांवरून प्रतींची वंशावळ मांडता येते. मात्र एकच चूक दोघांच्या हातून स्वतंत्रपणेही घडू शकत असल्याने अंतिम निर्णय जाणकार संपादकाचाच राहतो. नकलनवीसाने बदललेला शब्दही तत्कालीन वाचनाची मोलाची साक्ष असतो, म्हणून तो टाकून देता कामा नये.