काळ्या मातीचा वाफसा

दख्खनच्या पठारावर काळ्या जमिनीत ज्यांचे घर आहे, आणि घरामागे चार वाफे आखून मेथी-वांग्यांची हौस ज्यांनी एकदा तरी केली आहे, त्यांना या मातीचे दोन्ही स्वभाव चांगले परिचित असतात. मृगाच्या सरी पडल्या की ती पायताणाला शेरभर चिकटून घरात येते, आणि वैशाखात तिला अशा भेगा पडतात की त्यांत मनगटापर्यंत हात जावा. अशा मातीला नाठाळ ठरवून बाहेरून लाल माती विकत आणण्याचा मोह पुष्कळांना होतो. परंतु ही जमीन मुळात वाईट नसून तिला हात लावण्याची आपली वेळ चुकते आणि तिला लागणारा आहार आपण तिला देत नाही, असे माझे अनुभवान्ती झालेले मत आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात जमीनमहसुलाच्या पाहणीत जमिनींची प्रतबंदी झाली, तेव्हा खोल काळ्या जमिनीला वरची प्रत लाभली आणि सारा त्याच मानाने बसला, हे काही उगीच नव्हे. मात्र चुनखडीचे खडे आणि साचून राहणारे पाणी हे जमिनीचे दोष म्हणून त्याच पाहणीत धरले गेले, आणि परसबागेत आपली गाठ नेमकी या दोन दोषांशी पडते.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाच्या थरांवर थर साचून जो काळा पाषाण तयार झाला, त्याच्या झिजेतून ही माती निर्माण झाली. तिच्यातील चिकणमातीचा कण 0.002 मिलिमीटरहूनही लहान असतो, आणि पुस्तकाच्या पानांप्रमाणे एकावर एक रचलेल्या त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की तो फुगतो, पाणी गेले की आकसतो. कॅल्शियम, पालाश इत्यादी पोषकद्रव्ये हे कण घट्ट धरून ठेवतात, हा त्यांचा मोठा गुण; पण फुगलेल्या मातीतील पोकळ्या मिटून जातात, मुळांना हवा मिळत नाही, आणि भर पावसाळ्यात हिरवेगार दिसणारे मिरचीचे रोप एका आठवड्यात मान टाकते ते याच कारणाने.

या सर्व प्रकरणाची किल्ली आपल्या शेतकऱ्याने एका शब्दात साठवून ठेवली आहे, तो शब्द म्हणजे वाफसा. माती ओली नाही, कोरडीही नाही, तिच्या पोकळ्यांत पाणी आणि हवा दोघेही समजुतीने नांदत आहेत, अशी ती अवस्था. मूठभर माती दाबून तिचा गोळा करावा आणि कमरेइतक्या उंचीवरून खाली सोडावा. गोळा थापला गेला तर थांबावे, फुटून भुगा झाला तर कुदळ हाती घ्यावी. पहिल्या वर्षी हा विवेक मला नव्हता. पाऊस उघडला त्याच संध्याकाळी मी उत्साहाने वाफा खणला, आणि कुदळीच्या पात्याने गुळगुळीत झालेली ती ढेकळे वाळून दगडासारखी झाली ती दिवाळीपर्यंत फुटली नाहीत.

वाळू मिसळावी, असा सल्ला सर्रास दिला जातो. त्याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. 10 फूट लांब, 4 फूट रुंद आणि 9 इंच खोल वाफ्यात 30 घनफूट माती असते. तिचे मूळ स्वरूप बदलायचे तर निम्मी तरी वाळू हवी, म्हणजे जवळजवळ साडेसहाशे-सातशे किलो. त्याहून कमी घातली तर चिकणमाती वाळूला पोटात घेऊन विटेसारखी कठीण होते. त्याच वाफ्यावर दोन इंचांचा थर बसेल इतके चांगले कुजलेले शेणखत अथवा कंपोस्ट, म्हणजे 12 ते 15 घमेली, वाफशावर वरच्या सहा इंचांत मिसळले, तर त्यातील ह्यूमस आणि सूक्ष्म जीवांचे चिकट स्राव मातीच्या कणांचे बारीक रवे बांधतात, आणि दोन रव्यांच्या मधून पाणी वाट काढते. इंदूरच्या काळ्या जमिनीवर आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी काडीकचरा, शेण व गोमूत्राने भिजलेली माती यांचे थर रचून कंपोस्ट करण्याची जी पद्धत बसविली आणि 1931 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली, ती आजही परसातील खड्ड्यासाठी अनुकरणीय आहे. खत मात्र पुरते कुजलेले हवे. कच्च्या शेणाने हुमणीला आमंत्रण मिळते.

एक वाफा दरवर्षी आळीपाळीने ताग पेरून मोकळा ठेवावा, आणि फुलोरा येण्याच्या सुमारास, म्हणजे सहा-सात आठवड्यांत, तो कापून तिथेच गाडावा. पावसाळी भाजी मात्र आठ-नऊ इंच उंच गादीवाफ्यावरच लावावी आणि त्या वाफ्यावर कधीही पाय देऊ नये, कारण महिनाभराच्या मशागतीने झालेली रचना ओल्या मातीवरच्या एका पावलाने मोडते. चुलीतली राख या जमिनीत टाकण्याची सवय सोडावी. माती आधीच विम्लधर्मी, त्यात राखेने भर पडते आणि लोह न मिळाल्याने भेंडीची कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. जिप्समची गरज चोपण जमिनीला असते, आणि ती चोपण आहे की नाही हे मातीच्या परीक्षणावाचून ठरवू नये.

उन्हाळ्यात पालापाचोळ्याचे तीन बोटे जाड आच्छादन घातले की भेगा रुंदावत नाहीत आणि गांडुळे वरच्या थरात टिकतात. माझ्या वाफ्यात हा बदल दिसू लागायला तीन पावसाळे जावे लागले. पूर्वी मेथीची जुडी उपटली की मुळांना लाडवाएवढा चिखल लोंबत असे; त्या वर्षी कार्तिकात ती उपटून एकदा झटकली, तर माती रव्यासारखी झरून गेली आणि पांढरी मुळे शेवटच्या तंतूपर्यंत अखंड हाती आली.