उडी एकट्याची बरी

सुट्टीत नातवंडे जमली की काचीगुड्याच्या जुन्या मराठी घरांतूनही आता एक नवा हट्ट ऐकू येतो : "ट्रॅम्पोलिनवर न्या!" आपल्या हैदराबादेत उड्या मारण्याची अशी क्रीडागृहे निघाली आहेत, आणि मुलांबरोबर आईवडीलही हौसेने पटावर चढतात. धोका असलाच तर खाली पडण्याचा, अशी आम्हीही समजूत करून घेतली होती.

ती पुरती खरी नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निवेदनानुसार सुमारे तीन-चतुर्थांश इजा एका वेळी अनेक जण उड्या मारत असताना होतात. त्यांतही सर्वांत लहान मुलाला इजा होण्याचा संभव वजनदार सवंगड्याच्या चौदा पटींपर्यंत अधिक असतो.

याचे कारण सोपे आहे. वडिलांच्या भाराने दबलेला पट उसळून वर येतो, नेमकी त्याच क्षणी चिमुरडी खाली येत असते. वर येणारा पट तिच्या कोवळ्या पायांना कठीण भूमीसारखा लागतो आणि गुडघ्याखाली नडगीचे हाड मोडते. बाळाला सोबत म्हणून पटावर चढलेले वडीलच असे नकळत त्याच्या इजेचे कारण ठरतात. सहा वर्षांखालील मुलांना म्हणूनच तेथे नेऊ नये.

दुसरे भय कोलांटीचे. डोक्यावर वा मानेवर पडल्यास मज्जारज्जूला इजा होऊन जन्माचे पंगुत्व येऊ शकते. अशा वेळी मुलाला उचलू अथवा बसवू नये. निश्चल ठेवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

कडेच्या गाद्या आणि जाळी यांवरही फार विसंबू नये. एक तृतीयांश ते निम्म्या इजा वडीलधाऱ्यांची देखरेख असतानाच झाल्याचे तेच निवेदन सांगते. म्हणजे नुसते पाहत उभे राहणे पुरेसे नाही. नियम पाळून घेतले पाहिजेत.

मल्लखांबावर नवशिका मुलगा एकटाच चढतो आणि उस्ताद शेजारी दक्ष उभे असतात. तीच शिस्त येथे हवी. एका वेळी एकच मूल, पटाच्या मध्यभागी, कोलांटीवाचून. बाकीच्यांनी आपली पाळी येईपर्यंत खाली थांबावे. मुलांच्या आनंदावर विरजण घालावे असे आम्हांस मुळीच वाटत नाही. त्यांनी हसत जावे आणि आपल्या पायांनी चालत घरी यावे, एवढीच इच्छा.