सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट : शुल्क भरण्यापूर्वी

अमेरिकेत नर्सिंग होम म्हणजे खासगी इस्पितळ नव्हे, तर वृद्ध व परावलंबी व्यक्तींचे शुश्रूषागृह. तेथे आंघोळ घालणे, भरवणे, कूस बदलून देणे ही कष्टाची कामे सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट करतात. १९८७ च्या संघीय कायद्यानुसार त्यासाठी किमान ७५ तासांचे प्रशिक्षण आवश्यक असते. कॅलिफोर्नियात १६० तासांचे. पुढे लेखी किंवा तोंडी परीक्षा, प्रात्यक्षिक आणि राज्याच्या नोंदवहीत नाव.

इच्छुकांनी शुल्क भरण्याची घाई मात्र करू नये. मेडिकेअर वा मेडिकेडशी संलग्न शुश्रूषागृहाने आधीच नोकरी देऊ केली असल्यास उमेदवाराकडून शुल्क घेता येत नाही. स्वखर्चाने शिकलेल्यास बारा महिन्यांत अशी नोकरी मिळाल्यास राज्याकडून खर्चाची प्रमाणशीर भरपाई मिळते. सलग २४ महिने सवेतन शुश्रूषाकाम न केल्यास परीक्षा पुन्हा द्यावी लागते.