मैत्री, पण दुरून

आपणां बहुतेकांच्या दवाखान्यांच्या भिंती औषध कंपन्यांच्या कॅलेंडरांनी सजलेल्या असतात. माझ्याही होत्या. टॉनिकच्या बाटलीशेजारी उड्या मारणारा मुलगा पाहून कित्येक माता औषध नावानिशी मागत. चित्राचे हे सामर्थ्य कायद्यानेही जाणले आहे. १९९२ च्या शिशुदुग्धपर्यायविषयक कायद्याने बाळदुधाच्या डब्यावर बालकाचे किंवा स्त्रीचे चित्र छापण्यास मनाई केली. मजकुरापेक्षा चित्र अधिक प्रभावी ठरते, याची ती कबुलीच म्हणावी लागेल.

हेच सामर्थ्य निराळ्या कामी लावणारे एक चित्रकार म्हणजे नागपूरचे रोहन चक्रवर्ती. ते दंतवैद्यकाचे पदवीधर, म्हणजे आपल्याच बिरादरीतले. नागझिऱ्याच्या पाणवठ्यावर पाहिलेल्या एका वाघिणीने त्यांना वन्यजीवांकडे ओढले. २०१० साली त्यांनी 'ग्रीन ह्यूमर' ही व्यंगचित्रमालिका सुरू केली. तिच्यातील पशुपक्षी माणसाच्या वागण्यावर मिश्कील शेरे मारतात. भूतान, अरुणाचल प्रदेश यांसारख्या प्रदेशांचे वन्यजीव-नकाशेही त्यांनी रेखाटले. वन्यजीव संरक्षणाचे काम करणाऱ्या संस्थांसाठी काढलेल्या त्यांच्या चित्रांत भीती वा उपदेश नसतो. हसू असते आणि त्यामागे अचूक माहिती.

त्यांचे सापांविषयीचे एक बालपुस्तक 'प्रथम बुक्स'ने काढले. 'सापांशी मैत्री करू या, पण दुरून' असा त्याच्या इंग्रजी शीर्षकाचा आशय आहे. ते हाती आले तेव्हा मला एक जुना प्रसंग आठवला.

पावसाळ्यातील एका पहाटे खानापूरकडील आठ वर्षांच्या मुलाला पोटदुखीसाठी आणले होते. त्याच्या पापण्या मिटू लागल्या होत्या आणि आवाज घोगरा झाला होता. रात्री तो जमिनीवर झोपला होता. मण्यारीचा दंश बहुधा दुखत नाही. पुष्कळदा खूणही सापडत नाही. आमच्याकडे येण्यापूर्वी देवऋष्याच्या अंगणात तीन तास गेले होते. प्रतिविष आणि श्वासयंत्र यांमुळे मूल वाचले. त्याचे काका मात्र मोठ्या अभिमानाने सांगत होते, "डॉक्टरसाहेब, साप आम्ही ठेचून मारला." वर्णन ऐकल्यावर कळले की मेली ती धामण : बिनविषारी, उंदीर खाणारी, शेतकऱ्याची सोबतीण. म्हणजे एका अज्ञानाने धामण मारली, आणि त्याच अज्ञानाने मुलाचे तीन तास वाया घालवले.

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात दरवर्षी सरासरी ५८,००० माणसे सर्पदंशाने दगावली. त्यांत चतुर्थांशाहून अधिक पंधरा वर्षांखालील मुले होती. हा आकडा आपण परिषदांतून ऐकतो, टिपून घेतो. पण ज्या घरात मूल जमिनीवर झोपते, तिथे तो पोहोचत नाही. तिथे पोहोचते ते चित्र.

म्हणून मी कॅलेंडरे उतरवली. ते पुस्तक महाजालावर विनामूल्य उपलब्ध आहे. त्याची पाने छापून प्रतीक्षालयात लावली. शेजारी मराठीत एक फलक लिहिला : नाग, मण्यार, घोणस, फुरसे ही चार नावे, करकचून बांधू नये, जखम कापू नये, दंश झालेला अवयव हलवू नये, तडक रुग्णालय गाठावे. मच्छरदाणीत झोपावे, रात्री बॅटरीशिवाय बाहेर पडू नये, हेही त्यात आले.

चित्राने विष उतरत नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु गेल्या पावसाळ्यात एका आजीबाईंनी दवाखान्याच्या कुंपणाशी दिसलेल्या सापावर काठी उगारली, तेव्हा त्यांच्या नातवाने त्यांचा पदर धरून मागे ओढले. "आजी, त्याला जाऊ दे. आपण लांब उभं राहू." साप निघून गेला. तो कोणता होता, कोणालाच कळले नाही, आणि त्याची गरजही पडली नाही.

माझ्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींना एवढीच विनंती, की आपल्या भिंतीवरचे निदान एक कॅलेंडर उतरवावे. त्या जागी काय लावायचे, ते दारी येणारी मुलेच सांगतील.