स्वतःचा ब्लॉग काढताय? मग पाया आधी नीट घाला

आपल्या तालुक्यांत लिहिणाऱ्यांची कमी नाही. कोणी डाळिंबाच्या बहरावर लिहितो, कोणी गावच्या जुन्या बारवेवर, कोणी यात्रेतल्या कुस्त्यांवर. पण हे सगळं जातं व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर. दुसऱ्या दिवशी त्यावर 'शुभ सकाळ'चे फोटो येऊन पडतात आणि सहा महिन्यांनी शोधायला गेलं तर काही हाती लागत नाही. मोबाईल बदलला तर तेवढंही उरत नाही.

दुसऱ्याच्या जागेवर घर बांधलं की ती जागा कधी जाईल याचा नेम नसतो. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. गुगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये गेलं. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि खेड्यापाड्यातल्या कित्येक पोरांचे जमवलेले प्रेक्षक एका रात्रीत गेले. म्हणून ज्याला टिकणारं काही लिहायचंय त्याने स्वतःचा ब्लॉग काढावा. तो काढायला अर्धा तास पुरतो. पण सुरुवातीला चार गोष्टी चुकल्या की पुढं निस्तरता निस्तरत नाहीत. त्या कोणत्या, ते क्रमाने बघू.

आधी ईमेल आणि मोबाईल नंबर

ब्लॉगची किल्ली म्हणजे ईमेल. ते स्वतःचंच पाहिजे. नेट कॅफेवाल्याने काढून दिलेलं, भाच्याच्या नंबरावर चालणारं किंवा पासवर्ड दुसऱ्याच्या वहीत असलेलं ईमेल वापरू नका. ब्लॉगसाठी नवं काढलं तरी चालेल. त्याला आपल्या नावावरचा मोबाईल नंबर जोडा, दुसरं एक ईमेल राखीव म्हणून द्या आणि दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. म्हणजे पासवर्ड कोणाला कळला तरी तुमच्या फोनवरच्या खात्रीशिवाय तो आत शिरू शकत नाही.

इथं एक लक्षात ठेवा. रिचार्ज न केल्याने बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देते. तोच नंबर ईमेलला जोडलेला असेल तर दार उघडणारा ओटीपी त्याच्याकडं जातो. शिवाय गुगलचं खातं सलग दोन वर्षं वापरलं नाही तर ते पुसून टाकण्याचं धोरण कंपनीने २०२३ मध्ये जाहीर केलंय. लिहिणं थांबलं तरी मधून मधून खात्यात डोकवायला पाहिजे.

जागा कोणती घ्यायची

नवख्या माणसाला दोन रस्ते आहेत. पहिला गुगलचा ब्लॉगर. तो फुकट आहे, मोबाईलवरून चालतो, पत्त्याच्या शेवटी ब्लॉगस्पॉट डॉट कॉम येतं. दुसरा वर्डप्रेस. यात दोन प्रकार आहेत आणि लोकांची गफलत इथंच होते. वर्डप्रेस डॉट कॉमवर फुकट ब्लॉग मिळतो, पण त्यावर जाहिराती त्यांच्या असतात. वर्डप्रेस डॉट ऑर्गवरून सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पण ते ठेवायला होस्टिंग म्हणजे भाड्याची जागा लागते आणि देखभाल आपल्यालाच करावी लागते. ज्याला फक्त लिहायचंय त्याने ब्लॉगरवर सुरुवात करावी.

नाव आपल्याच नावावर

डॉट इन किंवा डॉट कॉमचं स्वतःचं नाव विकत घेता येतं. त्यालाच डोमेन म्हणतात. देवनागरीतलं डॉट भारतसुद्धा २०१४ पासून मिळतं. डोमेनचं भाडं वर्षाला भरायचं असतं. पहिल्या वर्षी स्वस्त दिसतं, दुसऱ्या वर्षी दर वाढतो, म्हणून घेतानाच नूतनीकरणाचा दर विचारा. ब्लॉगरच्या फुकट ब्लॉगला असं डोमेन जोडता येतं, त्याचे वेगळे पैसे गुगल घेत नाही. याचा फायदा असा, की उद्या ब्लॉगर सोडून दुसरीकडं गेलात तरी वाचकांकडचा पत्ता तोच राहतो.

मात्र वेबसाईट बनवून देणारा डोमेन कोणाच्या नावावर घेतोय ते बघा. सातबारा जसा आपल्या नावावर पाहिजे, तसंच हे. मालक म्हणून तुमचं नाव आणि तुमचं ईमेल पाहिजे. नाहीतर पुढं त्याच्याशी बिनसलं की नावही गेलं. आणि मुदत चुकवू नका. सोडलेलं नाव कोणीही उचलतो, मग तुमच्या जुन्या पत्त्यावर जुगाराची जाहिरात दिसली तरी काही करता येत नाही.

अक्षर युनिकोडच

जुन्या डीटीपीच्या सवयीने काही जण श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाईप करतात. ज्याच्याकडं तो फॉन्ट नाही त्याला तिथं निव्वळ कचरा दिसतो आणि गुगललाही ते मराठी म्हणून कळत नाही. म्हणून पहिल्या अक्षरापासून युनिकोड वापरा. मोबाईलवर जीबोर्डमध्ये मराठी निवडली की झालं. त्यात बोलूनही टाईप होतं, फक्त नंतर एकदा वाचून ऱ्हस्व-दीर्घ तपासा. जुना मजकूर असेल तर तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

लेखाचा पत्ता आणि लेबलं

प्रत्येक लेखाला स्वतःचा पत्ता म्हणजे लिंक असते. शीर्षक मराठीत असलं की ब्लॉगरला त्यातून पत्ता बनवता येत नाही, मग तो 'ब्लॉग पोस्ट' असं लिहून पुढं आकडा टाकतो. म्हणून लेख प्रसिद्ध करायच्या आधी पत्त्याच्या रकान्यात रोमन अक्षरांत दोन-तीन शब्द स्वतः टाका, समजा 'डाळिंब हस्त बहर'. एकदा प्रसिद्ध केल्यावर तो बदलू नका, कारण लोकांना आधी पाठवलेल्या लिंका मरतात.

लेबलं पाच-सहाच ठेवा: डाळिंब, ज्वारी, पाऊस, बाजारभाव, गाव. प्रत्येक लेखाला दहा लेबलं लावली की पुढं काहीच सापडत नाही.

लिहिताना तारीख घाला

'काल चांगला पाऊस झाला' हे वाक्य तीन वर्षांनी कोणाच्या उपयोगाचं? गाव, तारीख, वर्ष आणि आकडा मजकुरातच पाहिजे. डाळिंबवाल्याने ताण कधी दिला, पानगळ कधी केली, पहिलं पाणी कधी सोडलं, कळी कधी निघाली, तेल्याचा पहिला ठिपका कधी दिसला आणि सौद्यात किलोला काय मिळालं एवढं दर हंगामाला लिहिलं, तर पाच वर्षांत त्याच्याकडं जे जमेल ते कुठल्याच पुस्तकात मिळणार नाही. कारण ते त्याच्याच रानातलं असेल. फवारणीचं लिहिताना औषधाचं प्रमाण लेबल बघूनच लिहा. वाचणारा तसंच करतो.

कायद्याचं भान

ब्लॉग आपला असला तरी काहीही लिहायची मुभा नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीला दोन वर्षांपर्यंत साध्या कैदेची शिक्षा आहे. सरपंचावर किंवा सोसायटीवर लिहायचं असेल तर कागद हातात ठेवून लिहा आणि त्यांची बाजूही घ्या. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख, नाव किंवा घराचा फोटो कधीच टाकायचा नाही. लहान मुलांच्या बाबतीत तर दुप्पट काळजी घ्या.

गुगलवर दिसलेला फोटो फुकटचा नसतो. ज्याने काढला त्याचा हक्क असतो. आपला स्वतःचा फोटो टाका, पण आधार, पासबुक, सहीचा कागद त्यात दिसत नाही ना ते बघा. कॅमेऱ्याचं लोकेशन चालू असेल तर फोटोच्या फाईलमध्ये जागेचे अक्षांश-रेखांश बसलेले असतात. रानातल्या एकट्या वस्तीचा पत्ता जगाला कशाला द्यायचा? ते बंद ठेवा.

बॅकअप, तोही पहिल्या महिन्यापासून

ब्लॉगरच्या सेटिंगमध्ये मजकुराचा बॅकअप उतरवून घ्यायची सोय आहे, वर्डप्रेसमध्ये 'एक्सपोर्ट' आहे. महिन्याच्या एक तारखेला ती फाईल उतरवा आणि पेनड्राइव्हवर ठेवा. पण त्या फाईलमध्ये फोटो नसतात, फोटोंचे नुसते पत्ते असतात. म्हणून मूळ फोटो वर्षवार फोल्डर करून वेगळे ठेवा. आणि पासवर्ड कुठं लिहून ठेवलाय ते घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला माहीत पाहिजे. माणूस गेल्यावर त्याचं लिखाण कुलपात अडकून पडू नये.

पैशाचं काय?

हा प्रश्न सगळे विचारतात. जाहिरातीतून पैसे मिळतात, पण गुगलच्या ॲडसेन्समध्ये १०० डॉलर जमल्याशिवाय खात्यावर काही येत नाही आणि तालुक्याच्या वाचकांवर तेवढे जमायला फार काळ जातो. तेव्हा त्या हिशोबाने सुरू करू नका. हुरडा, डाळिंब, रोपं थेट विकणाऱ्याला मात्र ब्लॉगचा उपयोग होतो. गिऱ्हाईक आधी वाचतं, मग फोन करतं.

एका दिवसात हे सगळं करायची गरज नाही. या रविवारी ईमेल आणि ब्लॉग काढा, पुढच्या रविवारी पहिला लेख टाका. रोज लिहायचा पण करू नका, तो टिकत नाही. पंधरा दिवसांतून एक लेख टाकला तरी वर्षाला पंचवीस होतात.