सर्वकालीन अकरा : आपला कोण?

मैदान आणि माणसं : लेखांक ९

रणजी करंडकाचा बाद फेरीतला सामना अनिर्णित राहिला की पहिल्या डावातील आघाडीवर निकाल कसा लागतो, हे आपण मागच्या आठवड्यात पाहिलं. आज त्याच करंडकाभोवतीचा दुसरा खेळ पाहू. त्याला ना पंच, ना वेळेचं बंधन. आपल्या संघाचे आजवरचे सर्वोत्तम अकरा खेळाडू कोणते?

प्रश्न सोपा वाटतो, पण अकरापर्यंत पोहोचण्याआधी ‘आपला संघ’ या दोन शब्दांतच गाडी अडते. उदाहरणादाखल अणशी घेऊ. कारवारहून कद्र्याच्या पुढे घाट चढला की जोयडा तालुक्यातलं हे गाव लागतं. भोवती काळी व्याघ्र प्रकल्पाचं जंगल आहे आणि पश्चिमेला थोड्या अंतरावर गोव्याची हद्द. घरात कोकणी, भजनाला मराठी, सरकारी कागदाला कन्नड. उत्तर कन्नड जिल्हा १८६२ पासून मुंबई इलाख्यात होता. १९३४ मध्ये रणजी स्पर्धा सुरू झाली तेव्हा हा मुलूख मुंबई सरकारचा होता. १ नोव्हेंबर १९५६ ला तो म्हैसूर राज्यात गेला आणि १९७३ मध्ये राज्याचं नाव कर्नाटक झालं. म्हणजे एकाच घरातले आजोबा मुंबईच्या राज्यात जन्मले, वडील म्हैसूरच्या आणि नातू कर्नाटकाच्या. त्या घरात सर्वकालीन संघ निवडायला बसलं तर आजोबा विजय मर्चंटपासून सुरुवात करतील, आणि त्यांना चूक म्हणायची सोय नाही.

बरं, जन्माने आपला की खेळाने आपला? पलीकडच्या गोव्यातच बघा. दिलीप सरदेसाई मडगावचे. १९७१ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात त्यांनी ६४२ धावा केल्या, त्यात किंग्स्टनचं द्विशतक. त्यांनी पहिली कसोटी खेळली ती डिसेंबर १९६१ च्या सुरुवातीला कानपूरला. त्या दिवशी मडगाव अजून पोर्तुगिजांच्या ताब्यात होतं. गोवा मुक्त झाला तो त्याच महिन्याच्या १९ तारखेला. सरदेसाई रणजी खेळले मुंबईकडून आणि गोव्याचा संघ रणजीत उतरला तो १९८५-८६ मध्ये. गोव्यातला रसिक सर्वकालीन संघ काढतो तेव्हा त्याचा सर्वांत मोठा फलंदाज त्या संघाकडून एकही चेंडू खेळलेला नसतो. उलट राहुल द्रविड जन्मला इंदूरला, घरची भाषा मराठी, पण खेळला कर्नाटकाकडून. पुण्यात त्याला कुणी कितीही आपला म्हणो, महाराष्ट्राच्या अकरात त्याला घेता येणार नाही. तिथे भाऊसाहेब निंबाळकरांचे नाबाद ४४३ आहेत, देवधर आहेत, बोर्डे आहेत. त्यांना कुणाची उसनवारी नको.

माझा पक्ष असा, की संघ ज्याचा काढायचा त्याच्याच टोपीतली कामगिरी मोजावी. देशाची टोपी दारात काढून ठेवावी. हे पथ्य पाळलं की वादाला खरी धार येते, कारण मग कसोटीतले आकडे एका फटक्यात बाजूला होतात. कसोटीचे आकडे तोंडपाठ असतात, रणजीचे नसतात. म्हणून बहुतेक लोक कर्नाटकाचा संघ म्हणून जो संघ काढतात तो खरं तर ‘कर्नाटकातून भारताकडून खेळलेल्यांचा’ संघ असतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट घ्या. कुंबळे, श्रीनाथ, व्यंकटेश प्रसाद, द्रविड हे सगळे भारताकडून जगभर हिंडत होते. मोसमातले बरेचसे रणजी सामने त्यांच्याविना व्हायचे. तरी १९९५-९६, १९९७-९८ आणि १९९८-९९ असे तीन करंडक कर्नाटकाने जिंकले. ते कुणी जिंकून दिले? गदगच्या सुनील जोशीने १९९५-९६ च्या मोसमात पाचशेवर धावा केल्या आणि पन्नासवर बळी घेतले. डोड्डा गणेश चारच कसोटी खेळला, पण प्रथम श्रेणीत त्याचे ३६५ बळी आहेत. या लोकांना सर्वकालीन संघाच्या चर्चेत उभंही करायचं नसेल तर मग संघ कशाला म्हणायचं?

आता काळाचा घोळ. अमेरिकेत बेसबॉलवाले या कामात आपल्यापेक्षा मुरलेले. १९९९ मध्ये तिथे चाहत्यांच्या मतांवर शतकाचा संघ निवडला. मतमोजणी झाली तेव्हा होनस वॅगनर, क्रिस्टी मॅथ्यूसन, लेफ्टी ग्रोव्ह, वॉरन स्पान आणि स्टॅन म्युझियल ही पाच नावं मतांवर आत येऊ शकली नव्हती. शेवटी तज्ज्ञांच्या समितीने ती घातली. म्युझियल तर १९६३ पर्यंत खेळत होता, म्हणजे त्याला पाहिलेली माणसं हयात होती. तरीही केन ग्रिफी ज्युनियर मतांवर आत आणि तो बाहेर. डोळ्यांनी पाहिलेलं मोठं वाटतं, दुसरं काही नाही. आजच्या पोराला के. एल. राहुलचे ३३७ आणि करुण नायरचे ३२८ ठाऊक असतात; ब्रिजेश पटेल म्हटलं की त्याला क्रिकेट संघटनेचा पदाधिकारी आठवतो. पटेलांनी प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा आणि ३७ शतकं केलीत.

पण म्हाताऱ्यांनीही लगेच मिशीला पीळ देऊ नये. २००१-०२ पर्यंत रणजीचे साखळी सामने विभागवार होत. कर्नाटकाच्या वाट्याला दक्षिण विभाग, त्यात केरळ आणि आंध्र हे तेव्हाचे दुबळे संघ. १९७७-७८ मध्ये चिकमगळूरला रॉजर बिन्नी आणि संजय देसाई यांनी सलामीला नाबाद ४५१ धावा जोडल्या त्या केरळविरुद्ध. विश्वनाथने १९६७ मध्ये पहिल्याच प्रथम श्रेणी सामन्यात २३० केल्या त्या आंध्रविरुद्ध. करुणचे ३२८ मात्र अंतिम सामन्यातले आहेत, तामिळनाडूविरुद्ध, वानखेडेवर. त्याआधी रणजीच्या अंतिम सामन्यात इतक्या धावा कुणीच केल्या नव्हत्या. धाव कुणाविरुद्ध आणि कुठल्या फेरीत आली, हे न विचारता आकडे मांडणारा माणूस वादात लवकर हरतो.

मग खरी परीक्षा कोणती? कर्नाटकापुरतं उत्तर सोपं आहे : मुंबईविरुद्ध काय केलंस ते सांग. १९५८-५९ पासून ओळीने पंधरा करंडक मुंबईने नेले होते. १९७३-७४ च्या उपांत्य सामन्यात बंगळूरला ती साखळी तुटली. कर्नाटक या नव्या नावाचा तो पहिलाच मोसम. विश्वनाथ आणि पटेल यांची शतकं झाली, प्रसन्नाने गावसकरचा त्रिफळा उडवला, जमलेला वाडेकर घसरून धावबाद झाला आणि पहिल्या डावातील आघाडीवर कर्नाटक पुढे गेलं. जयपूरला राजस्थानला हरवून करंडक आला. मुंबईच्या जुन्या माणसांना वाडेकरचं घसरणं अजून टोचतं. बंगळूरवाले प्रसन्नाचा चेंडू सांगतात. एकच सामना, दोन पुराणं.

१९८१-८२ चा उपांत्य सामनाही बंगळूरलाच. रघुराम भटने हॅट्ट्रिकसह मुंबईचा डाव मोडला. दुसऱ्या डावात त्याच्या वळणाऱ्या चेंडूंपुढे टिकायचं म्हणून सुनील गावसकर चक्क डावखुरा उभा राहिला. कुठल्या गोलंदाजाला याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळालंय? भटच्या नावावर कसोट्या फक्त दोन. २०१४-१५ च्या उपांत्य सामन्यात, पुन्हा बंगळूरलाच, विनय कुमारने २० धावांत ६ बळी घेतले आणि मुंबई ४४ धावांत आटोपली. दावणगेरेच्या या गड्याला कसोटी मिळाली एकच. पण कर्णधार म्हणून त्याने २०१३-१४ आणि २०१४-१५ असे लागोपाठ दोन रणजी जिंकले, आणि दोन्ही वर्षी विजय हजारे व इराणी करंडकही आणले.

हिशेब उलटाही फिरतो. जानेवारी २०१० मध्ये म्हैसूरच्या गंगोत्री ग्लेड्सवर मुंबईविरुद्धच्या अंतिम सामन्यात कर्नाटकाला ३३८ हव्या होत्या. मनीष पांडेने १४४ काढल्या आणि संघ सहा धावांनी हरला. हरलेल्या डावातलं शतक निवडीत मोजायचं का? मी मोजतो, पण अर्ध्याच वजनाने. अणशीत त्या दिवशी कोण कुणाच्या बाजूने होतं, हा मात्र घरोघरचा मामला.

आता माझे अकरा. सलामीला राहुल आणि बिन्नी. बिन्नी नवा चेंडूही टाकेल. मग द्रविड, विश्वनाथ, ब्रिजेश पटेल. सहाव्या जागी यष्टिरक्षक किरमाणी. पुढे सुनील जोशी, कुंबळे, विनय कुमार आणि कर्णधार प्रसन्ना, कारण १९७३-७४ आणि १९७७-७८ हे पहिले दोन करंडक त्याच्याच नेतृत्वाखाली आले. अकराव्यासह चार फिरकीपटू होतात म्हणून कुणी नाक मुरडेल. या संघाची परंपराच ती आहे.

श्रीनाथ बाहेर राहिला याबद्दल पत्रं येतील. रणजीच्या पदार्पणात हॅट्ट्रिक घेणाऱ्या माणसाला वगळायला कारण लागतं; माझं कारण विनयचे ते दोन मोसम. आणि तोच न्याय कुंबळेला का नाही, असं कुणी विचारलं तर उत्तर नाही. त्याला बाहेर ठेवणारा नियम बरोबर असला तरी मला तो पाळायचा नाही. फलंदाज एक कमी पडतो हेही कबूल. त्या जागेसाठी करुण नायरचा दावा भक्कम आहे आणि मला एखादा फिरकीपटू सोडवत नाही.

उरली अकरावी जागा. भागवत चंद्रशेखर : पोलिओने बारीक झालेला उजवा हात, त्याच हाताने टाकलेला वेगवान लेगस्पिन, ५८ कसोटींत २४२ बळी आणि फलंदाजी करून १६७ धावा. दारात ठेवलेली टोपी एवढ्यापुरती आत आणली, कारण अकराव्या क्रमांकावर कोण, यावर आजवर मला कुणीही वाद घालताना आढळलेलं नाही.